घड्याळही जेवायला जातं

दुरुस्तीच्या टेबलावरून : वाचकांचे प्रश्न

पाऊस सरला की माझ्या मालवणच्या दुकानात दोन गोष्टींची रीघ लागते. बुरशी धरलेले प्रिंटर आणि वेळ चुकवणारे संगणक. चार महिने प्लास्टिकखाली झाकलेली यंत्रं दसऱ्याला पुसून, हळद-कुंकू लावून सुरू करतात आणि मग लक्षात येतं की कोपऱ्यातलं घड्याळ काहीतरी भलतंच सांगतंय. यंदाच्या टपालातही चार पत्रं घड्याळाचीच आहेत. दोघांनी नीट लिहिलंय, दोघांना मला फोन करून एकच गोष्ट विचारावी लागली : घड्याळ चुकतं ते कधी? यंत्र बंद असताना, चालू असताना, की चालू असून कुणी हात लावत नसताना? पुढच्या वेळी लिहिताना एवढं आठवणीने कळवा. मॉडेल नंबर राहिला तरी चालेल.

आणखी एक. या सदरात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापतो. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. गेल्या खेपेला एकाने खरोखरच मराठीत टाइप करून पाहिलं आणि 'होत नाही' म्हणून फोन केला.

प्रश्न : आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवतो तो संगणक हंगामानंतर झाकून ठेवला होता. आता चालू केला तर तारीख 1 जानेवारी आणि वर्ष फार जुनं. वेळ लावून दिली की दिवसभर ठीक चालतो. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी पुन्हा तेच. बँकेचं पान उघडायला गेलो तर 'सुरक्षित नाही' म्हणतो. मेकॅनिक म्हणतो मदरबोर्ड गेला.
– बागायतदार, देवगड

उत्तर : मदरबोर्ड शाबूत आहे, सेल संपलाय. दिवसभर वेळ बरोबर चालते आणि रात्री वीज तोडली की जाते, हे तुम्हीच लिहिलंय. त्यात सगळं आलं.

यंत्र बंद असताना वेळ राखणारं एक वेगळं छोटं घड्याळ मदरबोर्डवर असतं. ते चपट्या बटण-सेलवर चालतं. सेलचं नाव म्हणजेच त्याचं माप : सीआर 2032, म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी. दुकानदाराने 'हाच चालतो' म्हणत 2025 पुढे केला तर घेऊ नका. तो 2.5 मिलिमीटरचा असतो, खोबणीत सैल बसतो आणि मग कधी चालतं कधी नाही असा नवाच खेळ सुरू होतो. मल्टिमीटरवर नवा सेल 3 व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. 2.7च्या खाली उतरला असेल तर बदलून टाका. जुना सेल टेबलावर ठेवू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. गिळला तर जिवावर बेततं.

बँकेच्या पानाचं कारणही तारखेतच आहे. त्या पानाच्या दाखल्याला 'अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत' अशी मुदत असते. तुमचं यंत्र दहा-पंधरा वर्षं मागच्या तारखेत बसलंय, त्याच्या लेखी तो दाखला अजून निघालेलाच नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. नवा सेल घालूनही घड्याळ रोज चार-पाच मिनिटं मागे पडू लागलं, तर खाऱ्या हवेकडे बघा. त्या घड्याळाचा ठेका एक इवलासा क्वार्ट्झचा स्फटिक धरतो, सेकंदाला 32,768 कंपनं. दोनाचा पंधरावा घात असल्यामुळे त्याला पंधरा वेळा निम्मं करत गेलं की नेमका एक सेकंद उरतो. हे सगळं इतक्या कमी करंटवर चालतं की स्फटिकाच्या पायांमध्ये मीठ आणि ओल यांचा पातळ थर बसला तरी ठेका बिघडतो. चांगल्या स्फटिकाची चूक दशलक्षात वीस भाग धरली, तर दिवसाला पावणेदोन सेकंद होते, महिन्याला मिनिटाच्या आत. त्याहून जास्त म्हणजे घाण. जुना मऊ टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, हलका हात, आणि वीज जोडण्याआधी पूर्ण सुकवणं. रॉकेलने पुसू नका. उन्हात वाळत घातलेला मदरबोर्ड मी एकदा पाहिलाय, बाजूला कोकमं.

प्रश्न : आमच्या वाचनालयाला मुंबईकर गाववाल्यांनी एक जुना लॅपटॉप दिला, साधारण 2008 सालचा. भाच्याने त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं. पुस्तकांची देवघेव आम्ही त्यावर नोंदवतो. मध्येच सगळं थिजतं. घड्याळ 11:42 वर तर 11:42 वरच, टाइप करायची उभी रेघही लुकलुकत नाही. कुठलीही कळ दाबली की जणू काही झालंच नाही असं पुढे चालू होतं. पण घड्याळ थांबलं होतं तिथूनच पुढे चालतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत चाळीस मिनिटं मागे. परवा तीन वाचकांच्या नोंदी एकाच मिनिटाच्या निघाल्या, प्रत्यक्षात तिघं अर्ध्या-अर्ध्या तासाने आले होते. सेल दोनदा बदलला. सध्या आमची मदतनीस मुलगी एका हाताने पुस्तकांना कव्हरं घालते आणि दुसऱ्या हाताने शिफ्टची कळ टिचकत बसते.
– ग्रंथपाल, वेंगुर्ले तालुका

उत्तर : ग्रंथपालबाई, त्या मुलीने निदान केलंय, मी फक्त नाव सांगतो. पण आधी माझी फजिती ऐका, म्हणजे सेलवर तिसऱ्यांदा पैसे घालणार नाही.

2009च्या बांगड्याच्या मोसमात इथल्या एका बर्फाच्या कारखान्यात मी बिलाचा संगणक बसवला होता. खर्च वाचावा म्हणून लिनक्स घातलं, तेही माझ्याच आग्रहावरून. पंधरा दिवसांत तक्रार आली. ट्रकवाला म्हणतो लाद्या दोनला भरल्या, पावती म्हणते एक वाजून दहा मिनिटं. माशाच्या धंद्यात ती पन्नास मिनिटं म्हणजे भांडणच. मी गेलो, सेल बदलला. आठवड्याने पुन्हा गेलो, पुन्हा सेल. तिसऱ्यांदा तर मुंबईहून आणलेला 'ओरिजिनल' सेल घातला आणि वर मालकाला खारी हवा, दमटपणा यावर व्याख्यान दिलं. मी संगणकासमोर बसून अर्धा तास बघत राहायचो, घड्याळ व्यवस्थित चालायचं. मी पाठ फिरवली की मागे.

तिथले मुनीम साठीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. संगणकाला ते 'ह्या यंत्र' म्हणायचे. चौथ्या खेपेला मला म्हणाले, "अहो, मी जेवूक गेलंय की ता घड्याळय जेवूक जाता."

मी हसलो. परत येताना जेटीच्या उतारावर डोक्यात उजेड पडला. मी समोर बसायचो तेव्हा माउस हलवत बसायचो. घड्याळ मी असताना चालायचं, कारण मीच त्याला ढोसत होतो.

तुमच्या लॅपटॉपचं असंच आहे. त्याचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की पुढच्या चाचण्या पाठ कराव्या लागत नाहीत.

संगणकात वेळेची दोन निरनिराळी कामं असतात. एक मोजण्याचं : आत्ता किती वाजले. दुसरं उठवण्याचं : अमुक वेळाने मला हाक मार. भिंतीवरचं घड्याळ आणि उशाजवळचा गजर. बाहेरून आपल्याला दोन्ही मिळून 'घड्याळ'च दिसतं, आत मात्र ही कामं वेगवेगळे टायमर करतात आणि एक बिघडून दुसरा ठीक असू शकतो.

हे टायमर म्हणजे गावच्या जुन्या घरासारखे, एकेका पिढीने आपली खोली वाढवलेली. 1981च्या आयबीएम पीसीत 14.31818 मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक होता. हा विचित्र आकडा अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या मापातून आला. त्याला बाराने भागून जो टायमर चालवला तो पीआयटी, सेकंदाला सुमारे 11 लाख 93 हजार ठोके. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात तो सेकंदाला 18.2 वेळा प्रोसेसरला टपली मारायचा. त्याच स्फटिकाच्या आकड्याला चाराने भागून पुढे पॉवर मॅनेजमेंटचा टायमर आला, 3.58 मेगाहर्ट्झचा. 1993च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या पोटातच ठोके मोजणारा टीएससी आला. तो वाचायला सगळ्यांत झटपट, पण जुन्या प्रोसेसरमध्ये गाढ झोपेत तोही झोपतो. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरजवळ, म्हणजे हिशेब करणाऱ्या भागाजवळ, गजराचा एक टायमर असतो, लोकल एपिक, आणि 2008च्या आसपासच्या प्रोसेसरमध्ये गाढ झोपेत तोही बंद पडतो. म्हणून प्रोसेसरच्या बाहेर, मदरबोर्डवरच्या चिपसेट नावाच्या चिपांमध्ये, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ठरवलेला एचपीईटी नावाचा टायमर असतो. सगळे झोपले तरी त्याने जागं राहायचं आणि प्रोसेसरला हाक मारायची, असा करार.

आमच्या बंदरावर आजही म्हातारे भरतीची वेळ तिथीला पाऊणपट करून काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, होडी काढायला तेवढं पुरतं. पण कारखान्याचा भोंगा त्या हिशेबाने वाजवून चालणार नाही. संगणकातही कुठलं काम कुठल्या टायमरवर सोपवायचं हे लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, सुरू होताना ठरवतं, आणि तिथेच कधीकधी चुकीच्या माणसावर भरवसा बसतो.

पूर्वी हे इतकं जाणवत नसे. कर्नल काम असो-नसो प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा टपली मारत राहायचं, त्याला गाढ झोप लागायचीच नाही. 2007 पासून ती पद्धत बदलली. काम नसेल तर पुढचं काम जेव्हा असेल तेव्हाचाच गजर लावायचा आणि तोवर झोपू द्यायचं. बॅटरी वाचते, यंत्र थंड राहतं. पण आता सगळी भिस्त त्या एका गजरावर. तो वाजलाच नाही तर प्रोसेसर झोपून राहतो, आणि झोपलेलं यंत्र दिसायला हँग झालेल्या यंत्रासारखंच दिसतं. कीबोर्डची कळ ही वेगळ्या दाराने मारलेली हाक असते. ती पोचते, प्रोसेसर दचकून उठतो आणि अर्धवट सोडलेलं काम पुढे नेतो. मुनीम जेवायला गेले की कुणी कळ दाबत नव्हतं, बस्स.

तुमच्या पत्रात आणखी एक धागा आहे, तो बहुतेक लोक लिहीत नाहीत. 'थांबलं होतं तिथूनच पुढे चालतं.' जागं झाल्यावर घड्याळाने एकदम उडी मारून बरोबर वेळ दाखवली असती, तर मोजणारा टायमर ठीक आणि फक्त उठवणारा बिघडलेला, असं मी म्हटलं असतं. तुमच्याकडे मोजणीही थांबते. दोन्ही कामं एकाच एचपीईटीकडे असतील आणि गाढ झोपेत तोच झोपत असेल, तर नेमकं असंच होईल. (पॉवर मॅनेजमेंटचा टायमर मोजत असेल तर अजून एक गंमत असते. त्याचा आकडा 24 बिटांचा, दर 4.7 सेकंदांनी फिरून शून्यावर येतो. तेवढ्यात कुणी वाचला नाही तर आधीची फेरी हिशेबातून गेली. स्कूटरचं मीटर 99,999 नंतर शून्यावर येतं तसं.)

आता करून बघायचं ते असं. आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत द्यायच्या. आधी इंटरनेटवरून वेळ आपोआप लावून घेण्याची सोय बंद करा, ती चुका झाकत राहते : 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी फॉल्स'. भिंतीवरच्या घड्याळाशी लॅपटॉप जुळवा. मग 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू' देऊन तीच वेळ सेलवरच्या घड्याळातही लिहून घ्या. आता तासभर हात न लावता सोडा, मुलीलाही कळ टिचकू देऊ नका. तासाने टर्मिनलमध्ये 'डेट' आणि 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक', दोन्ही विचारा. पहिली चालू यंत्राची वेळ, दुसरी सेलवरच्या घड्याळाची. दुसरी भिंतीशी जुळली आणि पहिली मागे राहिली, की सेलचा विषय कायमचा मिटला.

मग कर्नलने कुणावर भरवसा ठेवलाय ते बघा. 'कॅट' लिहून पुढे हा मार्ग : स्लॅश सिस, डिव्हायसेस, सिस्टम, क्लॉकसोर्स, क्लॉकसोर्स0, आणि शेवटी करंट अंडरस्कोअर क्लॉकसोर्स. मधल्या प्रत्येक ठिकाणी स्लॅश. उत्तर एका शब्दात येतं : टीएससी, एचपीईटी किंवा एसीपीआय अंडरस्कोअर पीएम (हाच तो पॉवर मॅनेजमेंटचा टायमर). शिवाय 'सुडो डीमेसेज' (अक्षरं डी-एम-ई-एस-जी, ही कर्नलची नोंदवही) देऊन क्लॉकसोर्स, टीएससी, एचपीईटी हे शब्द असलेल्या ओळी शोधा. तुमच्या वयाच्या प्रोसेसरवर 'मार्किंग टीएससी अनस्टेबल ड्यू टू टीएससी हॉल्ट्स इन आयडल' अशी ओळ बहुधा सापडेल. घाबरू नका, ती तक्रार नव्हे, जुन्या प्रोसेसरचा स्वभाव आहे. कर्नलने तो ओळखून टीएससीला बाजूला बसवलंय एवढंच.

नंतर खरी परीक्षा. लॅपटॉप सुरू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबची यादी येते, तिथे 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्या टोकाला एक जागा सोडून 'प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=1' लिहा आणि एफ10 दाबा. याचा अर्थ, डुलकी घे पण गाढ झोपू नकोस. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, बंद करून चालू केलं की गेला, त्यामुळे बिनधास्त करा. एवढ्याने थिजणं पूर्ण थांबलं तर दुखणं गाढ झोपेतल्या गजराचंच, याबद्दल शंका उरत नाही.

पण तिथेच थांबू नका. मी कारखान्यात तिथेच थांबलो होतो. प्रोसेसर कधीच नीट झोपला नाही, एप्रिल-मेच्या उकाड्यात पंखा दिवसभर घोंगावायला लागला आणि लॅपटॉप असता तर बॅटरीही अर्धी झाली असती. ती ओळ काढून तिच्या जागी 'एचपीईटी=डिसेबल' लिहून पाहा. मग कर्नल मोजायला पॉवर मॅनेजमेंटचा टायमर घेतं आणि उठवायला 1981च्या वंशातला म्हातारा पीआयटी. हे जमलं तर सोनं, झोपही राहिली आणि गजरही. तरी थिजतच असेल तर 'नोलॅपिक_टायमर' हा तिसरा उपाय. जे लागू पडेल ते कायम करायला स्लॅश ईटीसी, डीफॉल्ट, ग्रब या फाइलमध्ये 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डीफॉल्ट'च्या अवतरणचिन्हांत लिहा आणि 'सुडो अपडेट-ग्रब' द्या. या सगळ्याच्या आधी बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, नवं मिळत असेल तर ते घालावं असं पुस्तकात लिहितात. इतक्या जुन्या लॅपटॉपला ते मिळालं तर मला कळवा, पेढे माझ्याकडून.

एवढं जुनं यंत्र म्हणून हे होतं असं मात्र समजू नका. इंटेलच्या बे ट्रेल पिढीचे प्रोसेसर असलेल्या छोट्या, बिनपंख्याच्या संगणकांत गाढ झोपेत एचपीईटी थांबतो म्हणून लिनक्सचं कर्नल तो स्वतःहून बंद ठेवतं, पुढे इंटेलच्याच कॉफी लेक पिढीच्या बाबतीतही तेच करावं लागलं. त्याच बे ट्रेलवर लिनक्स पूर्ण थिजण्याचं दुखणंही गाजलं होतं, तिथे कळ दाबूनही उपयोग नाही. त्यावर चालणारा उतारा 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=1'. आणि खरी गंमत ही की टीएससी नीट चालतोय का हे तपासायला बऱ्याच ठिकाणी कर्नल दर अर्ध्या सेकंदाला त्याची वेळ दुसऱ्या टायमरशी ताडून बघतं, अनेक यंत्रांवर तो दुसरा म्हणजे हाच एचपीईटी. झोपाळू एचपीईटी आणि चोख टीएससी यांत फरक पडला की ठपका टीएससीवर. डीमेसेजमध्ये 'टीएससी अनस्टेबल' दिसलं म्हणजे टीएससीच खोटा, असं दर वेळी नसतं. सध्याच्या प्रोसेसरमध्ये तो झोपेतही थांबत नाही.

प्रश्न : काका, गेम खेळताना फ्रेम अडकतात. व्हिडिओत बघून मी विंडोजच्या बीसीडीएडिट या आज्ञेने 'यूजप्लॅटफॉर्मक्लॉक यस' केलं. त्यात म्हटलं होतं टायमर अचूक होतो. आता आधीपेक्षा जास्त अडकतं. विंडोज 10, लॅपटॉप तीन वर्षांचा.
– इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : तू विंडोजला सांगितलंस की प्रोसेसरच्या पोटातला टीएससी सोड आणि दर वेळी चिपसेटपर्यंत जाऊन वेळ विचारून ये. टीएससी वाचायला काही नॅनोसेकंद लागतात, एचपीईटी वाचायला साधारण मायक्रोसेकंदाच्या घरात. गेम वेळ सारखी विचारत असतो. घरात घड्याळ असताना दर वेळी एसटी स्टँडवर जाऊन बघून येण्यासारखं झालं हे.

ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड विंडोत 'बीसीडीएडिट स्लॅश डिलीटव्हॅल्यू यूजप्लॅटफॉर्मक्लॉक' दे आणि यंत्र पुन्हा चालू कर. 'नो' लिहू नकोस, ओळच काढून टाक, म्हणजे विंडोज स्वतः ठरवेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एचपीईटी डिसेबल केला असशील तर तोही परत चालू कर.

असे सल्ले आले कुठून, तर 2006च्या सुमारास दोन कोअरचे प्रोसेसर नवे होते तेव्हा काहींमध्ये दोन्ही कोअरचे टीएससी एकमेकांशी जुळत नसत, आणि गेममधली माणसं मध्येच वाऱ्याच्या वेगाने पळत सुटायची. तेव्हा बाहेरचा टायमर वापरणं शहाणपणाचं होतं. दुखणं गेलं, काढा अजून विकला जातोय. मूळ अडकणं राहिलंच तर आधी लॅपटॉपचा पंखा उघडून साफ कर. रत्नागिरीत तीन वर्षांत त्यात काय साठतं ते मी रोज बघतो.

प्रश्न : एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. टायमर खराब आहे का?
– शिक्षक, कुडाळ

उत्तर : गुरुजी, बिघडलेलं घड्याळ इतकं नेमकं साडेपाच तासांनी चुकत नाही. लिनक्स सेलवरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजून वाचतं. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1' द्या. लिनक्स कुरकुर करेल, कारण उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करणाऱ्या देशांत याने गोंधळ होतो. आपल्याकडे ती भानगड नाही.

ता. क. छपाईला जाता जाता वेंगुर्ल्याहून फोन आला. क्लॉकसोर्स विचारल्यावर एचपीईटीच आलं. 'एचपीईटी=डिसेबल' लागू पडलं, तीन दिवसांत घड्याळ एकदाही थिजलं नाही, पंखाही शांत आहे. मदतनीस मुलीने मात्र विचारलंय की शिफ्टच्या कळीवरचं अक्षर पुसून गेलंय, त्याचं काही करता येईल का. नवा कीबोर्ड पाठवतो, जुना मला द्या.